लाडका कुत्रा आणि लपवलेला चावा



धार-देवासकडच्या आपल्या शेतकरी घरांत कुत्रा म्हणजे केवळ राखणदार नव्हे. हरभऱ्यात रोझडे शिरले की रात्री तोच पहिला उठतो, आणि सकाळी पोरांच्या हातचा भाकरीचा तुकडाही तोच खातो. पवित्र शास्त्रातही या मायेला जागा आहे. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबियास दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही बरोबर निघतो. तिथे त्याला काही काम नाही. घरचा म्हणून तो आहे, असे आम्हांला वाटते.

पण याच मायेपोटी एक धोका घरात येतो. कुत्रा खेळताना पोराला चावतो. सांगितले तर वडील कुत्र्याला मारतील, लांब सोडून येतील, ही पोराला भीती. मग ते चावा सदऱ्याखाली लपवते. कुत्रा पिसाळलेला असेल तर हे गुपित जिवावर बेतते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लस त्याआधीच हवी. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस सुरू केली, ती चाव्यानंतर २ दिवसांनी.

म्हणून मुलांना आम्ही आधीच सांगून ठेवावे असे म्हणतो: चावलेल्या घरच्या कुत्र्याला मारायचे नसते, १० दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची असते. मग पोर बोलते.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्र्याचे काय होते ते पाहू, म्हणून थांबू नये. पोटातल्या १४ सुयांची धास्ती वडीलधाऱ्यांना अजून आहे, पण ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आता सुया दंडात, महिन्याभरात ४-५ वेळा. रक्त आले असेल तर जखमेभोवतीही औषध टोचावे लागते; डॉक्टरांना तसे विचारावे.

लाझरसचे फोड कुत्री चाटत असत, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. आपण मात्र उघडी जखम चाटू देऊ नये; रोग लाळेतून जातो.

बैलाचेही तसेच. माळवी बैल वैरण सोडून लाळ गाळू लागला की घशात काही अडकले असे समजून आपण तोंडात हात घालतो. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर तीच लाळ आपल्या बोटांच्या चिरांतून आत जाते. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. हात घातलाच असेल तर साबण आणि लस, चाव्याप्रमाणेच.

पिल्लाला ३ महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी, पुढे दर वर्षी. ४ ऑक्टोबरचा संत फ्रान्सिसचा सण त्यासाठी धरला तर लक्षात राहतो. पिल्लू धरायचे काम पोराकडेच द्यावे. त्याच्या हातात ते शांत राहते.