चित्रालाही मैफल लागते

चित्र काढता येणं ही एक गोष्ट आणि काढलेलं चित्र चार माणसांना दाखवता येणं ही दुसरी. पहिली गोष्ट पुष्कळांना जमते. दुसरीपाशी बहुतेक जण अडतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठंही चौकशी करा. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देऊन चांगली श्रेणी मिळवलेला आणि पुढे राइस मिलच्या हिशेबात, रेल्वेच्या नोकरीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत अडकून गेलेला एखादा तरी माणूस सापडतोच. त्याचा हात मात्र थांबलेला नसतो. सुटीच्या दिवशी तो मुलीचा चेहरा काढतो, शेजारच्या आजोबांचा काढतो, बांधीत रोवणीसाठी वाकलेल्या बाया काढतो. मग ते कागद गादीखाली किंवा कपाटावर जातात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही हो, असंच आपलं." घरातल्या बाईनं काढलेली चित्रं तर गादीखालीही पोचत नाहीत. तिच्या रांगोळीचं कौतुक होतं, तिच्या चित्राकडे मात्र कुणी वळून पाहत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. आम्हा कवींची एक सोय फार जुनी आहे. मुशायऱ्याच्या मंचावर जाण्याआधी शायर आपली रचना घरगुती बैठकीत वाचतो. तिला नशिस्त म्हणतात. पाच-दहा जण जमतात, चहा होतो, एकेक जण वाचतो. आवडलं तर दाद मिळते, ओळ पुन्हा वाचायला सांगतात. एखादा शब्द खटकला तर उस्ताद तिथंच दुरुस्ती सुचवतात. त्या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात आणि तिच्यात कुणी कमीपणा मानत नाही. गायकालाही घरगुती मैफल असते. गावातल्या हौशी चित्रकाराला मात्र यातलं काहीच नसतं. त्याच्यासमोर एकदम दोनच दरवाजे असतात, एक मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाचा आणि दुसरा गादीखालचा. मधली बैठकच नाही.

ही मधली बैठक काय करू शकते, याचं एक उदाहरण आपल्या गोंदियाला स्पर्श करून गेलेलं आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या गावचा. नागपूरच्या कला विद्यालयात ते शिकले आणि त्यानंतर काही काळ गोंदियात चित्रकलेचे शिक्षक होते. १९४३ मध्ये ते मुंबईला गेले. दिवसा एका ब्लॉक मेकिंगच्या स्टुडिओत काम आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची चित्रं, असे त्यांचे ते दिवस होते. तिथं त्यांना मित्र भेटले. एक होते कृष्णाजी हौळाजी आरा. लहानपणी मुंबईत आलेल्या आरांनी लोकांच्या घरी नोकरी केली, मोटारी धुतल्या. कुठल्या कलाशाळेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. रुडॉल्फ फॉन लायडन या समीक्षकानं त्यांचं काम पाहिलं, धीर दिला आणि १९४२ साली चेतना रेस्टॉरंटमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. दुसरे होते अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे, विज्ञानाचे पदवीधर. सूझा, हुसेन आणि शिल्पकार बाकरे यांच्यासह १९४७ साली या मंडळींचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. पण मुळात ती एकमेकांची चित्रं पाहणाऱ्या, त्यांवर वाद घालणाऱ्या मित्रांची बैठकच होती. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. ग्रुप फार काळ टिकला नाही, मैत्री टिकली. या मित्रांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली. प्रत्येक हौशी चित्रकार रझा होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण आपलं चित्र पाहणारा एक विश्वासाचा डोळा रझांनाही लागला, तर तो इतरांना का लागू नये?

आता पाहणाऱ्यानं काय पाहायचं, ते समजून घेऊ. व्यक्तिचित्र म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "हुबेहूब आहे का?" साम्य कसं येतं, याचे काही साधे नियम आहेत. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते हमखास वर काढतो, त्यामुळे कपाळ तोकडं होतं आणि चेहरा परका वाटू लागतो. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं असतं. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे दिसू लागतात. चेहऱ्याची ओळख आधी त्या तुकड्यांत असते, पापण्यांचे केस नंतरचे. आजकाल बरेच जण मोबाइलच्या फोटोवरून काढतात. फोटो फार जवळून घेतलेला असेल तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चित्रकारानं तो इमानेइतबारे उतरवला की माणूस चुकतो. म्हणून निदान काही वेळ तरी माणसाला समोर बसवावं. समोरचा माणूस हलतो, कंटाळतो, बोलतो आणि त्या बोलण्यातूनच त्याच्या चेहऱ्याची खरी ठेवण कळते.

गावातल्या चित्रकाराकडे आणखी एक काम येतं. मित्राचे वडील वारलेले असतात. मागे उरलेला असतो एक पासपोर्ट आकाराचा फोटो किंवा ओळखपत्रावरची पुसट छबी. "एवढं मोठं करून दे ना रे" म्हणून मित्र ती हातात ठेवतो. इथं नुसती मापं पुरत नाहीत. ते हसताना एक डोळा बारीक करायचे का, टोपी कशी घालायचे, पान खायचे का, हे विचारावं लागतं. हे ज्याला ठाऊक असतं, तो त्या माणसाच्या ओळखीचा असतो. शहरातला मोठा कलावंत इथं कमी पडेल आणि गल्लीतला हौशी माणूस पुरून उरेल. चित्र पाहून त्या घरातली म्हातारी जेव्हा काही न बोलता पदर डोळ्यांना लावते, तेव्हा त्या चित्राची परीक्षा होऊन गेलेली असते.

भावनेतून निघालेली चित्रं हा दुसरा प्रकार. दुःख दाखवायचं म्हणजे अश्रू काढायचे आणि प्रेम दाखवायचं म्हणजे लाल बदाम, असा सोपा समज असतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं "ग्लो ऑफ होप" हे जलरंगातलं चित्र आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. तिच्या चेहऱ्यावर ना मोठं हसू, ना रडू. बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड आणि भोवतीचा अंधार, एवढ्यावरच मन हलतं. त्या चित्रासाठी उभी राहिली होती ती चित्रकाराची स्वतःची मुलगी. माया उजेडात आणि रंगात उतरवावी लागते, ती अशी.

शिकलेला हात नसेल तर? रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण आहे. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते एकमेकींना जोडत आणि त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी तयार होत. १९२४ मध्ये अर्जेंटिनात त्यांच्या यजमान व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही पाहिली आणि त्या खाडाखोडीचं महत्त्व ओळखलं. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते याच मैत्रिणीच्या खटपटीनं. तेव्हा कवी सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मैत्रिणीनं नुसतं "छान" म्हणून वही मिटली असती तर?

एक गोष्ट माझ्या समाजाबद्दलही सांगितली पाहिजे. पुष्कळ मुसलमान घरांत भिंतीवर माणसांचे चेहरे लावत नाहीत. तिथं सुलेखन असतं, वेलबुट्टी असते. त्यामागे श्रद्धा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण त्याच परंपरेत मोगल दरबाराची व्यक्तिचित्रंही आहेत. १६१८ मध्ये जहांगीर बादशहानं अफू आणि दारूनं खंगलेल्या, मरणाच्या दारी आलेल्या इनायतखानाचं चित्र आपल्या चित्रकारांकडून काढवून घेतलं. माणसाच्या नश्वरतेचं इतकं भेदक चित्र क्वचितच सापडतं. तेव्हा अशा घरातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला चेहरा काढावासा वाटला, तर रागावण्याआधी एकदा कागद हातात घेऊन पाहावा. भिंतीवर लावायचा की नाही, हा नंतरचा प्रश्न.

चित्र कसं पाहायचं, याचंही एक शिष्टाचाराचं शास्त्र आहे. पहिलं वाक्य "फोटोसारखं आहे" हे नको. त्यात कॅमेऱ्याची स्तुती होते, चित्रकाराची नाही. "विकलं तर किती मिळतील?" हेही नको. निदान पाच मिनिटं गप्प राहून पाहावं. मग विचारावं, "हा कोपरा अंधारा का ठेवलास?" "आजोबांचे हातच एवढे मोठे का काढलेस?" नशिस्तीत एखादी ओळ पुन्हा वाचायला सांगतात, तसा हा प्रश्न असतो. चूक दाखवायची असेल तर बोट ठेवून दाखवावी. "काहीतरी कमी आहे" एवढं म्हणून चहाचा कप उचलणं हा अन्याय आहे. चित्रकारानंही आपलं चित्र दाखवताना आधीच माफी मागू नये. महिन्यातून एक रविवार, चार मित्र, प्रत्येकाचं एक चित्र किंवा एक कविता, एवढ्यावर बैठक उभी राहते. तिला ना हॉल लागतो, ना उद्घाटक.

भेट दिलेल्या चित्राची जबाबदारी मात्र घेणाऱ्याची असते. व्हॅन गॉगनं १८८९ साली आपल्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर फेलिक्स रे यांचं व्यक्तिचित्र काढून त्यांना प्रेमानं दिलं. त्या घरात ते कुणाला आवडलं नाही. कोंबड्यांच्या खुराड्याचं भगदाड बुजवायला ते लावलं होतं, असं सांगतात. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. ते वाचलं हे आपलं नशीब. आपल्या जिल्ह्यात पावसाळा दमदार असतो. ओलीनं कागदाला बुरशी धरते, पेटीत ठेवला तर कसर लागते. म्हणून मित्रानं दिलेलं चित्र काचेत बसवून ओल नसलेल्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावावं. आणि चित्रकारानं प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहाव्यात. चेहरा कुणाचा, गाव कोणतं, तारीख काय. पन्नास वर्षांनी कुणी ते उलटून पाहील, तेव्हा त्याला एका माणसाची नव्हे, दोघांची ओळख होईल. एक चित्रातला आणि दुसरा त्याच्याकडे इतका वेळ मन लावून पाहणारा.