नामसंघर्ष : बोलीतील व संगणकप्रणालीतील

नैऋत्य फ्रान्समधील गॅस्कन बोलीत ध्वनिपरिवर्तनामुळे कोंबडा आणि मांजर या दोहोंची लॅटिन नावे ‘गात्’ या एकाच रूपास येऊन मिळाली. दोन्ही प्राणी एकाच अंगणात वावरणारे. तेव्हा हा घोटाळा चालण्यासारखा नव्हता. मांजराने नाव राखले. कोंबड्यास कोठे फेझंट पक्ष्याचे नाव घ्यावे लागले, तर कोठे आणखी दुसरेच. जूल झिलिएराँ यांचे हे विवरण भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. आपल्याकडे ‘कर’ हा शब्द हात, सरकारी सारा आणि ‘करणे’चे आज्ञार्थी रूप अशा तीन अर्थांनी सुखाने नांदतो, कारण संदर्भ मदतीस येतो. संगणकास हा विवेक नाही. एका नामक्षेत्रात एका नावास एकच अर्थ असावयाचा.

वेब-उपयोजन रचणारा सहसा कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. फ्रेमवर्कने कित्येक नावे आधीच अडवून ठेवलेली असतात, आणि ती बहुधा सोपी, चांगली नावे असतात. ‘रूबी ऑन रेल्स’मध्ये सारणीतील ‘टाइप’ नामक स्तंभ वर्गाचे नाव सांगणारा, असे गृहीत धरले जाते. ग्रंथालयाच्या सारणीत कोणी त्या स्तंभात ‘कादंबरी’ असे लिहिले, तर नोंद वाचताना प्रणाली त्या नावाचा वर्ग शोधू लागते आणि तो न सापडल्याने अडून बसते. ‘जँगो’ची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. जोड अधोरेखा ही त्याने संबंधदर्शक खूण म्हणून स्वतःकडे राखली असून क्षेत्रनामात ती आढळल्यास तो आरंभीच हरकत घेतो. शब्द अडविण्यापेक्षा खूण अडविणे केव्हाही बरे.

तथापि खरा पेच पुढे येणाऱ्या नावांचा आहे. ‘मूटूल्स’ने जावास्क्रिप्टच्या मूळ यादी-प्रकारासच ‘फ्लॅटन’ ही क्रिया जोडली होती. पुढे त्याच नावाची क्रिया खुद्द भाषेच्या प्रमाणात आणावयाचे घाटले, तेव्हा २०१८ मध्ये असे दिसून आले की मूटूल्सवर उभी असलेली जुनी पृष्ठे तिने मोडतात. मूळ नाव आधीच असले की त्यावर केलेली मूटूल्सची नोंद गणतीत येत नसे, आणि म्हणून तिच्या अन्य प्रकारांत त्या क्रियेची नक्कल उतरत नसे. त्या पृष्ठांचे कर्ते आता कोठे शोधावयाचे? अखेर भाषेनेच माघार घेतली व २०१९ च्या आवृत्तीत ‘फ्लॅट’ हे नाव आले. तत्पूर्वी ‘कंटेन्स’ या नावाचीही मूटूल्सपायी हीच गत झाली होती. त्याच्या जागी ‘इन्क्लूड्स’ योजावे लागले.