एका थेंबावर आठ सेकंद

काचेच्या हंडीच्या कडेला ग्रीस लावायचं काम आमच्या प्रयोगशाळेतले मामा आजही दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बोटभर ग्रीस घ्यायचं, घासलेल्या कडेवरून एकाच फेरीत फिरवायचं, हंडी तबकडीवर ठेवायची आणि दोन्ही तळव्यांनी दाबून जराशी घोळवायची. केसभर फट राहिली तरी पंप दिवसभर धडधडत राहतो आणि दाबाचा काटा काही खाली येत नाही. पंचवीस वर्षं मी हंडीतली हवा उपसायचा हा प्रयोग मुलांना दाखवत आलो. गेल्या पावसाळ्यात तो मुद्दाम पुन्हा मांडला, कारण दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तास संपता संपता विचारलं होतं, “सर, वाफेच्या इंजिनावर आगगाडी चालली, मग अंतराळयान का नाही चालणार?”

तोंडी उत्तर देता आलं असतं. पण हे उत्तर डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

हंडीत दोन बशा ठेवल्या. खालच्या बशीत संहत सल्फ्युरिक आम्ल, निघणारी वाफ शोषून घ्यायला. तिच्यावर तिकाटण्यावर दुसरी बशी, तीत मोजून 10 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात बुडवलेली, तापमान मोजणारी थर्मोकपलची तार. आम्लाची ही युक्ती स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीची, 1810 सालची. आम्ही एकदा आम्लाशिवाय प्रयोग केला होता. सगळी वाफ पंपाच्या तेलात गेली, तेल ताकासारखं पांढरं झालं आणि पंप खोलून साफ करण्यात मामांचे दोन दिवस गेले.

पाणी 28 अंशांवर होतं. पंप सुरू केला. आधी काहीच होत नाही, मुलं चुळबुळ करायला लागतात. दाब पाऱ्याच्या 28 मिलिमीटरच्या आसपास उतरला आणि बशीच्या तळातून पहिला बुडबुडा सुटला. मग दुसरा, आणि बघता बघता पाणी खदखदायला लागलं. खाली ना बर्नर, ना शेगडी. मुलीनं आकडे वाचायला सुरुवात केली: 22, 17, 11, 6. पाणी उकळत होतं आणि गार होत होतं. दाब साडेचार मिलिमीटरच्या जवळ गेला तेव्हा खदखद मंदावली, बशीच्या एका कडेकडून दुधाळ पापुद्रा सरकत आला, त्याला आतून एका बुडबुड्यानं धडक दिली, पापुद्रा फुटला, पुन्हा सांधला, आणि सगळं शांत झालं. उकळत्या पाण्याचा बर्फ झाला होता. बशी काढून तोलली तर बर्फ 8.3 ग्रॅम भरला. गेलेल्या पावणेदोन ग्रॅम पाण्यानं वाफ होताना लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातूनच ओढून घेतली होती.

अंतराळात वाफेचं इंजिन चालवणाऱ्या माणसाची सगळी अडचण त्या बशीत आहे. तिथे पाणी उकळायला आगीची गरजच नाही, निर्वात पोकळी ते काम फुकट करते. पण तोटी नुसती उघडून दिली तर थोडी वाफ सुटते, मागचं पाणी गोठतं आणि नळी बर्फानं बुजते. यानाला पाणी सहज नेता येतं. तुटवडा असतो तो उष्णतेचा.

आता हिशोब करू. पाण्याची वाफ करायला किलोमागे साधारण 24.5 लाख ज्यूल लागतात. छोट्या उपग्रहाला इंजिनासाठी मोठ्या मुश्किलीनं 20 वॅट वीज बाजूला काढता येते. म्हणजे एक किलो पाण्याची वाफ व्हायला चौतीस तास. घरातली शेगडी पंधरा-वीस मिनिटांत जे करते, त्याला तिथे जवळजवळ दीड दिवस.

टोकियो विद्यापीठ आणि जपानची अंतराळ संस्था जाक्सा यांनी हा हिशोब मान्य करूनच ‘इक्वुलियस’ बांधलं. जाडजूड शब्दकोशाएवढा आकार, दहा किलोच्या आसपास वजन. 16 नोव्हेंबर 2022 रोजी आर्टेमिस-1 च्या प्रचंड अग्निबाणातून ते निघालं, पृथ्वी-चंद्र जोडीच्या, चंद्रापलीकडच्या समतोल बिंदूकडे. त्याच्या इंजिनाचं नाव ‘अ‍ॅक्वेरियस’ आणि इंधन म्हणजे साधं पाणी, जेमतेम सव्वा ते दीड किलो.

या इंजिनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे वाफेची खोली. टाकीतून पाणी थेंबाथेंबानं एका छोट्या कोठडीत सोडतात. थेंब कोठडीच्या भिंतीला धरून राहतो, आमच्या हंडीतल्यासारखा कमी दाबाखाली हळूहळू वाफेत बदलतो, आणि फक्त वाफ पुढे तोटीकडे जाते. तिथे तिला आणखी थोडं तापवतात. आणि थेंब गोठू नये म्हणून लागणारी उष्णता? कोठडी रेडिओ संचाला खेटून बसवली आहे. संच चालताना जी ऊब एरवी वाया गेली असती, तिचा काही भाग पाण्याला मिळतो. आपल्याकडे चुलीच्या वैलावर डाळ शिजत ठेवतात, त्यातलंच हे शहाणपण.

या इंजिनाचा रेटा सुमारे 4 मिलिन्यूटन, म्हणजे तांदळाचे वीसेक दाणे तळहातावर ठेवले तर जेवढा भार जाणवेल तेवढा. वाफ बाहेर पडते सेकंदाला जवळपास 700 मीटर वेगानं. यावरून खर्च काढला तर सेकंदाला सहा मिलिग्रॅमच्या आत पाणी. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरचा एक थेंब 50 मिलिग्रॅमचा धरला, तर एका थेंबावर इंजिन आठ-नऊ सेकंद चालतं. तासभर चालवलं की यानाचा वेग सेकंदाला दीड मीटरनं बदलतो. आपण रमतगमत चालतो, त्याहून थोडा जास्त. तरी निघाल्यापासून आठवड्याच्या आत या रेट्यानं इक्वुलियसनं आपली दिशा साधली आणि चंद्राजवळून ठरल्या वाटेनं वळण घेतलं. पृथ्वीलगतच्या कक्षेबाहेर पाण्यावर चाललेलं ते पहिलं यान. त्याआधी 2003 साली ‘यूके-डीएमसी’ या ब्रिटिश उपग्रहानं जेमतेम दोन ग्रॅम पाणी नेऊन पृथ्वीच्या कक्षेत असा प्रयोग केला होता.

एवढा अशक्त रेटा कशाला हवा, असं वाटेल. जमिनीवरून उडायला तो कुचकामीच. अमेरिकेत 1974 साली ईव्हल निव्हल या साहसवीरानं रॉबर्ट ट्रुएक्सनं बांधलेल्या वाफेच्या अग्निबाणातून स्नेक नदीची दरी ओलांडायचा प्रयत्न केला. पॅराशूट आधीच उघडलं आणि तो दरीतच उतरला. दरीच्या पलीकडे पोचायलाच एवढी शर्थ, तर पृथ्वीची कक्षा फार लांब राहिली. पण एकदा कक्षेत गेल्यावर यानाला स्वतःचं वजन पेलायचं नसतं. तिथे वीस दाण्यांचा रेटा दिवसचे दिवस लावत राहिलं की पुरतो.

शिवाय पाणी निरुपद्रवी आहे. उपग्रहांत सर्रास वापरतात ते हायड्राझीन विषारी असतं. ते भरताना माणसं नखशिखांत बंद पोशाख घालतात. विद्यापीठातल्या मुलांच्या हाती ते कोण देईल? आणि माणसांसाठी बांधलेल्या महागड्या यानाच्या शेजारी विषाची, दाबाची टाकी कोण बसू देईल? पाण्याला ही आडकाठी नाही.

खरं तर वाफेवर अंतराळात जाणं आपण टीव्हीवर पाहिलेलं आहे. चंद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3 मधून गेलं, त्याच्या वरच्या क्रायोजेनिक टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळतात, आणि तोटीतून बाहेर पडते ती मुख्यतः पाण्याचीच वाफ, सेकंदाला सव्वाचार किलोमीटरहून अधिक वेगानं. रेणू तोच. तिथे उष्णता इंधनाच्या ज्वलनातूनच येते, इक्वुलियसला ती बाहेरून आणावी लागते. सगळा फरक एवढाच, आणि वेगात तो सहापटीचा आहे.

मग पाणीच वाटेत मिळालं तर? 31 डिसेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात हनीबी रोबोटिक्स या कंपनीनं आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या फिल मेट्झगर यांच्यासारख्या संशोधकांनी ‘वाइन’ नावाचं मायक्रोवेव्ह ओव्हनएवढं यंत्र निर्वात टाकीत चालवून पाहिलं. त्यानं लघुग्रहावरच्या मातीसारख्या गोठलेल्या मातीत स्वतः छिद्र पाडलं, पाणी काढलं आणि त्याच्या वाफेचा झोत सोडून दाखवला. लघुग्रहावर उतरायचं, पाणी भरायचं, पुढच्याकडे उडायचं, अशी ही कल्पना. मला तिच्यात दम वाटतो. मात्र सूर्यापासून दूर गेलं की उष्णतेची चणचण वाढत जाते. पृथ्वीच्या तिप्पट अंतरावर ऊन नवव्या हिश्शावर येतं.

निसर्गानं हे इंजिन आपल्या कितीतरी आधी चालवलं आहे. एन्के या शास्त्रज्ञाच्या नावाचा धूमकेतू दर फेरीला साधारण अडीच तास आधी परत येत होता, हे 19 व्या शतकातच लक्षात आलं होतं. कारण समजलं 1950 साली. फ्रेड व्हिपल यांनी सांगितलं, हा बर्फ-मातीचा गोळा आहे, उन्हानं त्यातून वाफ सुटते आणि ती वाफ त्याला ढकलते.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती बशीतला बर्फ नखानं टोकरत होती. तिनं विचारलं, “म्हणजे हंडीबाहेरून दिवा लावला असता, तर गोठायला उशीर झाला असता?” पुढच्या आठवड्यात आम्ही 100 वॅटचा दिवा लावून पाहिला. गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागला.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या कॉलेजात पंप आणि हंडी कपाटात धूळ खात पडली असेल. ती काढा, कडेला नीट ग्रीस लावा, आम्ल स्वतः हाताळा, मुलांच्या डोळ्यांवर चष्मे द्या आणि थर्मोकपलचे आकडे त्यांनाच वाचू द्या.