जिवाणूंची चाल आणि धातूंचे विष

पाण्याची टाकी बरेच दिवस घासली नाही, तर तिच्या आतील बाजूस एक बुळबुळीत थर धरतो. तो नुसता मळ नव्हे. ती असंख्य जिवाणूंची वसाहत असते. शास्त्रज्ञ तिला ‘जैवपटल’ म्हणतात. ही वसाहत कशी होते व विषारी धातूंपुढे तिचा टिकाव कसा लागतो, हे आपण पाहू.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ सहस्रांश मिलिमीटर लांब असतो. त्याच्या अंगावर चाबकाच्या दोरीसारखे बारीक तंतू असतात. त्यांस कशाभिका म्हणतात. त्या मळसूत्राप्रमाणे फिरतात आणि जिवाणू एका सेकंदात आपल्या लांबीच्या सुमारे दसपट अंतर पोहून जातो. अन्नाकडे जाणे व अपायापासून दूर सरणे, ही दोन्ही कामे या चालीवर अवलंबून असतात.

या चालीस धातूंचा लवलेशही बाधतो. १९६७ साली अ‍ॅड्लर व टेंपल्टन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, द्रावणात जड धातूंचा अंश असला तर ई. कोलायचे पोहणे मंदावते. धातूंना बांधून ठेवणारा पदार्थ त्यात घातला, म्हणजे चाल सुरक्षित राहते. तांबे, पारा यांसारख्या धातूंचे कण प्रथिनांतील गंधकयुक्त भागांस घट्ट चिकटतात आणि पेशीची कामे बिघडवितात.

मग जिवाणू हतबल होतात काय? एकटादुकटा होतो; वसाहत सहजासहजी होत नाही. पृष्ठभागास चिकटलेले जिवाणू आपल्याभोवती चिकट द्रव्य पसरतात. धातूचे बरेचसे कण त्यातच अडकतात. स्यूडोमोनास जातीच्या एका जिवाणूवर तांबे, शिसे व जस्त यांचे प्रयोग झाले. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वसाहतीतील जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा २ पासून ६०० पटींपर्यंत अधिक चिवट ठरले. तांब्याने बाहेरचे जिवाणू आधी मेले, आतले बचावले.

यावरून आपणांस दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू पुष्कळ कमी होतात, हे खरे. तथापि हंडा असो वा टाकी, आतला थर घासून काढल्यावाचून स्वच्छता पुरी होत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पालापाचोळा कुजून जातो, धातू कुजत नाही. नदीत सोडलेले शिसे किंवा पारा गाळात साठून राहतो व माशांच्या द्वारे आपल्या ताटात येतो. म्हणून असे सांडपाणी नदीस मिळण्यापूर्वीच शुद्ध करणे, हाच खरा उपाय होय.