धापेच्या पाठोपाठ येणारी धास्ती

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार. विडी-सिगारेटने होतो, तसाच वर्षानुवर्षं चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनाही होतो. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. जिना चढताना धाप लागते, माणूस घाबरतो आणि भराभर श्वास घेऊ लागतो. त्याने आत आणखी हवा कोंडते आणि धाप वाढते. मग जिना टाळला जातो, पुढे बाजार, लग्नकार्यं. पायांतलं बळ जातं, मन खचतं. औषधाच्या पंपाने श्वासनलिका थोड्या रुंदावतात, पण ही भीती जागच्या जागी राहते.

ती बोलण्याने उतरू शकते! मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अशा बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा पाया घातला. आज त्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला छातीरोग विभागातल्या नर्सच तो शिकल्या. बैठक साधारण अशी चालते. “धाप लागली तेव्हा मनात पहिलं काय आलं?” “आता गुदमरून मरणार.” “मागच्या वेळी काय झालं होतं?” “जरा टेकलो, ओसरली.” हे उत्तर रुग्ण स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, हातातल्या छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर घ्यायचा आणि आज फाटकापर्यंत, उद्या चार पावलं पुढे चालायचं, हेही ठरतं.

न्यूकॅसलच्या २७९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा सीबीटी घेतलेल्यांची चिंता तीन महिन्यांनी जास्त उतरली होती आणि त्यांच्या इस्पितळाच्या फेऱ्याही कमी झाल्या. मोजमापाला १९८३ सालची चौदा प्रश्नांची प्रश्नावली होती. तिच्यात झोप आणि थकव्याबद्दल विचारतच नाहीत. शरीराच्या आजारानेही झोप बिघडते आणि थकवा येतो, हे रचणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

अशाच उपचाराच्या टॅन्डेम या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी चिंतेत फरक आढळला नाही. ते निष्कर्ष २०२३ चे. उपचार कोणाला, कोणी आणि किती द्यायचा, हे अजून ठरायचं आहे. तरी भीतीबद्दल रुग्णाला विचारायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना धापेबरोबर धास्तीही सांगा. धाप एकाएकी वाढली किंवा ओठ निळे पडले, तर मात्र थेट इस्पितळ गाठा. मन मोकळं करायला सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते.