सिंहाच्या केसांची साक्ष

सिंह काय खातो, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन ‘मांस’ असे उत्तर द्याल. परंतु कोणाचे मांस आणि किती, असा पुढचा प्रश्न आला की उत्तर देणे अवघड होते. हिंस्र श्वापदे बहुधा रात्री, एकांतात शिकार करतात. त्यांच्या भोजनाचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही. अशा वेळी शास्त्रज्ञ त्या प्राण्याच्या शरीरालाच प्रश्न विचारतात. ते कसे, हे एका खऱ्या हकिकतीवरून पाहू.

इ. स. १८९८ मध्ये पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनिया देशात, मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे लोहमार्ग बांधला जात होता. त्यासाठी हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, हजारो मजूर नेण्यात आले होते. त्साव्हो नदीवरील पुलाचे काम चालू असता दोन सिंह मजुरांच्या छावणीवर येऊ लागले. नर असूनही त्यांना आयाळ नव्हती. रात्री तंबूत शिरून ते निजलेल्या माणसांना ओढून नेत. काटेरी कुंपणे घातली, शेकोट्या पेटवल्या. उपयोग झाला नाही. अखेरीस मजूर जीव घेऊन पळाले आणि पुलाचे काम सुमारे तीन आठवडे बंद पडले. पुलाचे अभियंते जॉन हेन्री पॅटरसन यांनी ९ आणि २९ डिसेंबर रोजी एकेक करून ते दोन्ही सिंह मारले.

या नऊ महिन्यांत माणसे किती बळी पडली? हिंदी मजूर २८, असे पॅटरसन यांनी प्रथम लिहिले. स्थानिक आफ्रिकी लोकांची तर नोंदच नव्हती. पुढे त्यांनीच एकूण संख्या १३५ सांगितली. अठ्ठावीस कोठे आणि एकशे पस्तीस कोठे! परमुलखात पोटासाठी गेलेली माणसे मेली, आणि त्यांची धड मोजदादही होऊ नये, ही गोष्ट मनाला लागते.

सिंहांची कातडी पंचवीस वर्षे पॅटरसन यांच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ साली ती कातडी आणि कवट्या शिकागो येथील फील्ड संग्रहालयाने विकत घेतल्या. त्यातूनच पुढे साक्ष मिळाली.

ती समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहिले पाहिजे. कर्बाचे, म्हणजे कार्बनचे, सर्व अणू सारख्या वजनाचे नसतात. शंभरांतील सुमारे नव्व्याण्णव हलके असतात, तर एखादा किंचित जड असतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते हवेतून कर्ब घेताना जड अणू त्यातल्या त्यात अधिक घेतात. वृक्ष आणि झुडपे कमी घेतात. आपली ज्वारी, बाजरी आणि ऊस पहिल्या वर्गात मोडतात, तर भात आणि गहू दुसऱ्या. म्हणून रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या केसांत, रोज भात खाणाऱ्यापेक्षा, जड कर्बाचा अंश लेशमात्र अधिक असतो! त्याचप्रमाणे गवत चरणारा झेब्रा आणि झाडांचा पाला खाणारा जिराफ यांच्या मांसावर निरनिराळी खूण उमटते, आणि ती त्यांना खाणाऱ्या सिंहाच्या अंगी उतरते. नत्राच्या अणूंतही जड-हलके असा भेद आहे. वनस्पतीपेक्षा तृणभक्षकात आणि तृणभक्षकापेक्षा मांसभक्षकात जड नत्र वाढत जाते. माणूस धान्य, दूध, मांस असे मिश्र अन्न खातो. त्याची खूण आणखी वेगळी.

हाडे वर्षानुवर्षांच्या आहाराची खूण बाळगतात, तर केस अलीकडच्या काही महिन्यांची. तेव्हा दोन्ही ताडून पाहिले की शेवटच्या काळात आहार पालटला का, हे कळते.

आता गणिताकडे वळू. समजा, गाईच्या दुधात स्निग्धांश ४ आहे आणि म्हशीच्या दुधात ७. दोन्हींच्या मिश्रणात तो ५ भरला, तर गाईचे दूध दोन भाग आणि म्हशीचे एक भाग, हे तुम्ही पाटीवर सहज काढाल. पण त्यात शेळीचेही दूध मिसळले असेल तर? मग एकच उत्तर निघत नाही. अनेक उत्तरे जुळतात. सिंहाच्या भक्ष्याचेही असेच आहे. तेथे संख्याशास्त्र मदतीला येते. संगणकावर असंख्य मिश्रणे करून पाहावयाची आणि केसांतील प्रमाणाशी कोणते कितपत जुळते ते ठरवावयाचे. म्हणून येथे उत्तर एका आकड्यात न मिळता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे मिळते. काहींना असे उत्तर अपुरे वाटते. मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील जस्टिन येकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असा हिशेब मांडला. एका सिंहाच्या अखेरच्या महिन्यांतील आहारात सुमारे तीस टक्के भाग माणसांचा होता. दुसरा मुख्यतः वन्य पशूंवरच जगत होता. सिंहाला किती मांस लागते, हे धरून पाहता पहिल्याने सुमारे २४ आणि दुसऱ्याने सुमारे ११ माणसे खाल्ली असावीत; एकूण पस्तीसच्या आसपास. मात्र शक्यतेची मर्यादा ४ पासून ७२ पर्यंत जाते. १३५ हा आकडा तीत बसत नाही. अर्थात, मारून न खाता टाकलेल्या माणसांची खूण केसांत उमटत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिल्या सिंहाचा एक सुळा मोडलेला होता आणि जबड्यात गळू झाले होते. त्यातच गुरांच्या साथीने व अवर्षणाने त्या मुलखातील जनावरे कमी झाली होती. धडपडणाऱ्या झेब्र्यापेक्षा निजलेला माणूस त्याला सोपा वाटला असावा.

२०२४ साली या सिंहांच्या मोडक्या दातांत अडकून राहिलेले केस तपासण्यात आले. त्यांत जिराफ, झेब्रा आणि काही हरणवर्गीय प्राणी यांच्या केसांबरोबर माणसाचेही केस निघाले. त्या माणसांचे वंशज आज हयात असू शकतील, या विचाराने संशोधकांनी मानवी केसांची अधिक माहिती प्रसिद्ध केली नाही.