धाब्याची घरे आणि दुरुस्तीचा कायदा

खानदेशातील जुने घर म्हटले की कौलारू छप्पर आठवत नाही, धाबे आठवते. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांवर खारी, म्हणजे पाणी लवकर आत न घेणारी पांढरी माती, अशी त्याची रचना. या धाब्यावर उन्हाळ्यात मिरच्या वाळतात, पापड वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. पाऊस कमी आणि ऊन कडक अशा मुलखात याहून शहाणे छप्पर क्वचितच सापडेल. मात्र त्याची एक अट आहे. ते दरवर्षी माणूस मागते. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्या लागतात, खारी टाकून चोपावी लागते, पन्हाळे मोकळे करावे लागतात. पहिल्या सरीनंतर वर चढून पाणी कुठे साचते तेही पाहावे लागते. दोन पावसाळे हे झाले नाही तर घर तक्रार करीत नाही; तिसऱ्या पावसाळ्यात एकदम बसते.

घर पडते ते बहुधा मधून नव्हे, कडेने. कडीचे टोक भिंतीत रुतलेले असते. तेथे मुरलेले पाणी ऊन लागत नसल्याने सुकत नाही, लाकूड कुजते आणि ओलीच्या वाटेने वाळवी शिरते. खोलीत उभे राहून वर पाहिले तर कडी शाबूत दिसते, कारण कुजलेला भाग भिंतीच्या पोटात असतो. दुसरे कारण वजनाचे. गळती लागली की जुनी माती न खरवडता तिच्यावरच नवी टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. 10 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशा खणावर अर्धा फूट माती असेल तर ती 50 घनफूट होते. भिजल्यावर तिचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. वरचेवर आणखी दोन इंच चढवले की सुमारे 800 किलोंची भर पडते, आणि कड्या मात्र आजोबांच्याच! अलीकडे मातीवर सिमेंटचा गिलावा करण्याची टूम निघाली आहे. त्याने वरून येणारे पाणी काही काळ थांबते. पण गिलाव्याला केसासारखी जरी भेग गेली तरी आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यास वाट उरत नाही, आणि रोग झाकला जातो.

आता नरडाण्यासारख्या गावाचा विचार करू. मुंबई-आग्रा महामार्ग जवळून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर स्थानक आहे, औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. गावाची ओढ साहजिकच सडकेकडे. ज्याला चार पैसे मिळाले तो सडकेजवळ सिमेंटचे घर बांधतो. ज्याला मिळाले नाहीत तो सुरतेची किंवा नाशिकची वाट धरतो. मागे गावठाणात कुलूप लावलेले घर राहते. कुलूप लावलेल्या धाब्यावर खारी कोण टाकणार? काही घरांत एखादी वृद्धा राहते. तिच्या अंगात वर चढण्याचे बळ नसते आणि मजूर लावण्यास हाती रोकड नसते. या दोन घरांची स्थिती एकच दिसली तरी त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, हे येथेच सांगून ठेवतो.

कोणी म्हणेल, ज्याचे घर त्याचे नुकसान. गावाला त्याचे काय? पण गावठाणातील घर एकटे उभे नसते. पुष्कळदा दोन घरांत भिंत एकच असते. एका बाजूचे धाबे कोसळले की त्या भिंतीचा माथा उघडा पडतो आणि तिच्या मातीत पाऊस सरळ उतरतो. शेजाऱ्याने आपल्या धाब्याची कितीही निगा राखली असली तरी त्याच्या कड्यांची टोके त्याच भिंतीत असतात. गल्लीकडची भिंत फुगली असेल तर शाळेत जाणारी मुले तिच्या खालूनच जातात. म्हणून घर खाजगी असले तरी त्याची पडझड खाजगी राहत नाही. येथेच कायद्याला प्रवेश मिळतो.

कायदा काय म्हणतो हे पाहिले तर आश्चर्य वाटते. धुळे आणि जळगाव येथे महानगरपालिका आहेत. त्यांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमाचे कलम 264 असे की, पडावयास आलेल्या बांधकामाच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आयुक्तांनी ते पाडण्यास, सुरक्षित करण्यास, हलविण्यास किंवा दुरुस्त करण्यास फर्मावावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुती अभियंत्याकडून तपासून घेण्याची तरतूदही त्याच अधिनियमात मागाहून आली. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्यातही धोकादायक इमारतींविषयी अधिकार आहेत. ग्रामपंचायतीचे काय? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात नव्या बांधकामाच्या परवानगीविषयी कलम 52 आहे. पण उभे असलेले घर दरसाल तपासणारे यंत्र किंवा अभियंता पंचायतीपाशी नाही. तथापि गाव अगदीच निराधार नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 133, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 म्हणून आले, ते दंडाधिकाऱ्याला असा आदेश देण्याचा अधिकार देते की, पडून शेजाऱ्यांना किंवा वाटसरूंना इजा करील अशी इमारत मालकाने हलवावी, दुरुस्त करावी किंवा तिला टेकू द्यावा. शेजाऱ्याचा साधा अर्जही त्यासाठी पुरतो.

हे शब्द नीट पाहावेत. पाडणे हा कायद्याने सांगितलेल्या उपायांतील एक उपाय आहे. त्याच्या बरोबरीने दुरुस्ती आहे, टेकू आहे. व्यवहारात मात्र काय होते? मे महिन्याच्या अखेरीस धोकादायक इमारतींची यादी निघते, दारावर नोटीस चिकटते, तीत घर रिकामे करा आणि उतरवून घ्या असे असते, आणि पाऊस संपला की पुढच्या मे महिन्यापर्यंत सर्व शांत. नोटीस काढणारा अधिकारी दुष्ट असतो असे नाही. उद्या घर पडले तर आपण आधीच सांगितले होते एवढा कागद त्याला हवा असतो. दुरुस्ती करा म्हणावे तर कोणती, किती खर्चाची, कोणी तपासावयाची, हे सर्व त्याच्या गळ्यात पडते. पाडा म्हणणे सोपे.

शहरांतील भाड्याच्या वाड्यांत या सोपेपणाला आणखी एक फाटा फुटतो. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर रोखून धरली. युद्धोत्तर टंचाईत ते आवश्यकच होते. पण ती पातळी अर्धशतक तशीच राहिली आणि महिन्याच्या भाड्यात कौलांचा एक हाराही येईनासा झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या डिसेंबरात या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. पुढे आलेल्या 1999 च्या कायद्याने भाड्यात दरसाल 4 टक्के वाढीची मुभा दिली, मालकावर घर राहण्याजोगे ठेवण्याचे बंधन घातले, आणि मालक हलत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून कापावा असेही म्हटले; मात्र ही कपात वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी. भाडे शंभर रुपये असेल तर वर्षाकाठी तीनशे रुपये. त्यात गवंड्याचा एक दिवसही धड निघत नाही! उलट त्याच कायद्यात पालिकेने पाडण्याचा आदेश दिला तर मालकाला जागेचा ताबा मागता येतो. म्हणजे घर मोडकळीस आणणाऱ्या मालकाला पालिकेची नोटीस ही शिक्षा न वाटता सोय वाटू शकते. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला, हे बरे झाले. पण तो हक्क घेऊन भाडेकरूने त्या पावसाळ्यात राहावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

मुंबई बेटावर वेगळा प्रयोग झाला. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ निर्माण केले. 19,642 इमारती त्याखाली आल्या. दुरुस्तीला स्वतंत्र पैसा असला पाहिजे हे तत्त्व त्यात मान्य झाले, आणि ते महत्त्वाचे आहे. पण पैसा अपुरा पडला आणि निर्णय लांबत गेले. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत 2011 मध्येच धोकादायक ठरली होती. 31 ऑगस्ट 2017 रोजी ती कोसळली आणि 33 माणसे गेली. अमेरिकेतील अनुभवही पाहण्याजोगा आहे. तेथील 1954 च्या गृहनिर्माण कायद्याने केंद्राचे साहाय्य हवे असेल तर शहरांनी घरांच्या निगेचे नियम करावे अशी अट घातली. परंतु नुसत्या नियमाने गरीब घरमालकाच्या हाती पैसा येत नाही हे ध्यानी आल्यावर 1964 आणि 1965 च्या कायद्यांनी दुरुस्तीसाठी कर्ज आणि अनुदान जोडले. दंडुक्याबरोबर थैलीही लागते, ही गोष्ट तेथे दहा वर्षांत कळली. आमच्याकडे मुंबई बेटाबाहेर थैलीचा पत्ता अजून नाही.

किंबहुना थैली आहे, पण ती घर पडल्यावर उघडते. अतिवृष्टीत भिंत कोसळली की तलाठी पंचनामा करतात आणि नियमाप्रमाणे साहाय्य मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील पात्र कुटुंबाला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळण्याची तरतूद झाली, पण ती नव्या पक्क्या घरासाठी. दोन कड्या बदलणे, टोके उघडी करून कुजका भाग काढणे, जादा माती उतरविणे, या कामाला त्याच्या लहान अंशात भागेल. परंतु त्या लहान अंशाला कोणतेही शीर्ष नाही. मग जुन्या सागाला बाजारात भाव असताना मालकाने घर सांभाळावे कशासाठी? तो खांब-तुळया विकतो आणि भिंती पावसाच्या स्वाधीन करतो.

राहिला प्रश्न मालक कोण याचा, आणि गावात हाच सर्वांत अवघड. नमुना 8 च्या उताऱ्यावर बहुधा आजोबांचे नाव असते. त्यांचे चार मुलगे, त्यांची मुले, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या मुली. नोटीस मिळते ती गावात राहणाऱ्या एकाला. तो म्हणतो, खर्च मी एकट्याने का करू, उद्या वाटणी मागणारे सगळेच येतील. त्याचे म्हणणे खोटे नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या, त्याने हद्दीचा वाद कमी होईल. पण हद्द ठरली म्हणून वारस एकत्र बसतात असे नाही.

ते एकत्र बसतात आखाजीला. सासरच्या लेकी माहेरी येतात, सुरत-पुण्याचे भाऊ येतात, आणि धाब्यावर खारी टाकण्याचा हंगामही नेमका तोच. त्याच सुमारास 1 मे ची ग्रामसभा असते. पडझडीच्या घरांची यादी मे महिन्याच्या अखेरीस न लावता या ग्रामसभेपूर्वी करावी असे आमचे मत आहे. यादीत घरांचे दोन भाग असावेत: ज्यांचे मालक समर्थ असून घर टाकून गेले आहेत ते, आणि ज्यांत राहणाऱ्याची ऐपत नाही ते. पहिल्यांना मुदतीची नोटीस जावी आणि ती न पाळल्यास शेजाऱ्यांच्या सहीने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज व्हावा. दुसऱ्यांकडे नोटीस नेण्याआधी टेकू न्यावा. चार बल्ल्या आणि एका सुताराचा दिवस, एवढा खर्च पंचायतीला जड नाही. पंचायत समितीच्या अभियंत्याने एक दिवस गावात यावे, कडीची टोके टोचून पाहावीत आणि नोटिशीत ‘घर धोकादायक आहे’ एवढेच न लिहिता कोणत्या खणातील कोणती कडी बदलावयाची ते लिहावे. जो भाऊ खर्च करील त्याने पावत्या जपाव्यात, आणि आखाजीला जमलेल्या भावाबहिणींनी त्या कागदावर सह्या कराव्यात, म्हणजे वाटणीच्या वेळी ती रक्कम हिशेबात धरून घेता येईल.